दहा जणांचं वय

नव्वदच्या दशकात मी इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात न्यूरॉलॉजीची उमेदवारी करत होतो. सीजेडीचा नुसता संशय आला तरी एडिनबराला फोन करायचा, असं आम्हाला बजावलेलं होतं. सीजेडी म्हणजे क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा रोग वर्षाला दहा लाखांत एखाद्या-दोघांनाच होतो. प्रिऑन नावाचं बिघडलेलं प्रथिन मेंदूची चाळण करतं आणि माणूस बहुधा वर्षाच्या आत जातो. इलाज नाही. मग फोन कशाला?

गायींमुळे. मेलेल्या जनावरांच्या हाडामांसाची भुकटी गुरांच्याच खुराकात घातली गेली आणि १९८६ मध्ये ब्रिटनच्या गुरांत असाच रोग सापडला. तो माणसात उतरतो का, हे पाहायला १९९० मध्ये डॉ. रॉबर्ट विल यांच्या हाताखाली एडिनबरात राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. मृत्यूचे दाखले तिथे तपासले जात, पण भ्रमिष्ट होऊन गेलेल्या म्हाताऱ्याच्या दाखल्यावर नुसतं 'न्यूमोनिया' लिहिलं की विषय मिटतो. म्हणून फोन गेला की तिथले डॉक्टर स्वतः येत, रुग्ण तपासत, नातेवाइकांसमोर लांबलचक प्रश्नावली घेऊन बसत. बर्गर किती वेळा? कलेजी? कुठली ऑपरेशनं झाली? एक आई उत्तरं देताना मी पाहिली. मुलाच्या लहानपणचे डबे आठवता आठवता ती स्वतःच्याच स्वयंपाकाचा पंचनामा करत होती; मध्येच म्हणाली, ''धाकटीनेही तेच खाल्लंय.'' डॉक्टरांनी मान खाली घालून तेही टिपून घेतलं.

गायींचा रोग बहुधा माणसात उतरला आहे, असं मार्च १९९६ मध्ये सरकारने जाहीर केलं, ते दहा रुग्णांवरून. एरवीच्या आकड्यात हे दहा सहज बुडाले असते. पण नेहमीचा सीजेडी साठी-सत्तरीतला, आणि हे सगळे तरुण. काहींची सुरुवात औदासीन्याने झालेली, त्यामुळे आधी मानसोपचार. डॉ. जेम्स आयर्नसाइड यांना त्यांच्या मेंदूच्या कापांत प्रथिनांचे गठ्ठे दिसले, भोवती पोकळ्यांचं कडं असलेले. नुसती बेरीज केली असती तर काहीच कळलं नसतं, असं मला आजही वाटतं.

२००० साली या नव्या प्रकाराने २८ जण गेले; मग आकडा उतरला. ब्रिटनमध्ये एकूण १७८. पुढे या रुग्णांची यादी रक्तदात्यांच्या नोंदींशी ताडली गेली आणि २००३ मध्ये रक्तातूनही लागण झाल्याचा पहिला संशयित रुग्ण समोर आला. १९८० ते १९९६ दरम्यान ब्रिटनमध्ये तीन महिने राहिलेल्यांचं रक्त अमेरिका २०२२ पर्यंत घेत नव्हती. तिकडे स्थायिक झालेले आमच्यातले काही मराठी डॉक्टरही त्यात आले.