खारपाणपट्ट्यातलं सरबत आणि गार चहा

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. शेगाव तालुक्याचा भागही त्यात येतो. मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर गेला की इथे घरोघरी लिंबूसरबत होतं, हल्ली गार चहाही. तो बिघडला की बोल लागतो चहापत्तीला. माझ्या मते आधी पाणी तपासावं.

पाणी उकळलं की खारेपणा जातो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. उकळल्यावर काही क्षार भांड्याच्या तळाशी बसतात, पण विरघळलेलं मीठ तसंच राहतं. पाणी आटेल तसं ते दाटच होतं. जड पाण्यातला कोरा चहा काळपट दिसतो आणि त्यावर तवंग येतो. लिंबाचंही तेच: अशा पाण्यातले बायकार्बोनेट आम्ल मारतात, म्हणून दोन लिंबं पिळूनही सरबत मिळमिळीत लागतं. आणखी लिंबं पिळण्यापेक्षा आरओचं किंवा धरणाचं नळाचं पाणी घ्यावं. बोअरच्या खाऱ्या पाण्यात वरून मीठ तर घालूच नये, रक्तदाबाच्या रुग्णांसाठी मुळीच नाही.

फ्रिजमध्ये गढूळ झालेला चहा नासला म्हणून ओतून देतात. थंडीत चहातलं कॅफिन आणि टॅनिन एकत्र येऊन तो गढूळ होतो. थोडं गरम पाणी घातलं की पुन्हा स्वच्छ होतो. पत्ती उकळत ठेवल्यानेही चहा कडक न होता तुरट होतो. लिटरभर पाण्याला उकळी आणून गॅस बंद करावा, चार चमचे पत्ती टाकून चार-पाच मिनिटं झाकावं, गाळून आधी घरातच निवू द्यावं. लिंबू गार झाल्यावरच पिळावं, म्हणजे क जीवनसत्त्व जास्त टिकतं. बरणी उन्हात ठेवून चहा मुरवण्याची पद्धत मला धोक्याची वाटते: त्या उष्णतेत जंतू मरत नाहीत, उलट काही वाढतात. त्यापेक्षा पत्ती पिण्याच्या पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी. तुरटपणाही कमी येतो.

बर्फात जंतू मरतात हाही तसाच भ्रम. गोठल्याने ते बहुतेक नुसते थांबतात. ग्लासात बर्फ वितळला की पुन्हा जागे होतात. म्हणून बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा.

जुलाब होत असताना गोड सरबत पाजणं मात्र घातक ठरू शकतं. जादा साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर गोड्या, स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, इतकंच घालावं.

रामनवमीला गर्दीसाठी सरबत करायचं असेल तर पिंप स्टीलचं घ्यावं. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ लिंबाच्या आम्लाने झिजतं, आणि ते पोटात जातं.