सोडियम उतरलं, पण कशामुळे?
रक्तात सोडियम लिटरमागे 135 ते 145 मिलिइक्विव्हॅलंट असतं. रिपोर्टमध्ये 120 दिसलं की सातारा-सांगलीतल्या कित्येक घरांत आधी जेवणातलं मीठ वाढतं. पण बहुतेकदा मीठ कमी पडलेलं नसतं, शरीरात पाणी जास्त साठलेलं असतं. म्हणून रक्तातली साखर पाहून झाली की लघवी तपासतात. ती अगदी पातळ असेल तर पाणी अती प्यायलं गेलंय. दाट असून तिच्यातलं सोडियम 30च्या वर असेल, तर संशय रक्तदाबाच्या थायाझाइड गोळीवर किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पिशवी न्याच!

साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात धावणाऱ्यांनीही जपावं. 2002च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांचं सोडियम उतरलेलं होतं, मुख्यतः जास्त पाणी प्यायल्यानं.