ओजेटी नुसती सर्टिफिकेटपुरती उरकू नका

एम.ए.ला ओजेटी किंवा फील्ड प्रोजेक्ट आला की एक प्रश्न हमखास येतो: "सायन्सवाल्यांना लॅब असते, आपण जायचं कुठं?" इतिहासाच्या विद्यार्थ्यांची लॅब म्हणजे दफ्तरखाना. पुण्यातच पेशवे दफ्तर आहे, १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे.

"पण छापील साधनं आहेत की!" हे मीही म्हणायचो. गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली पेशवे दफ्तराचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. पण ते 'निवडक' कागद आहेत. उरलेला ढीग रुमालांत बांधलेला आहे, बहुतेक मोडीत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या निवडीत असेलच असं नाही.

मोडी शिकणं म्हणजे नुसती अक्षरं ओळखणं नाही. तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द सुटे नसतात. म्हणजे शब्द कुठं तोडायचा हे तुम्हीच ठरवता, आणि चुकलात तर अर्थ बदलतो.

माझीच चूक सांगतो. शेतसाऱ्यात सूट दिल्याच्या एका पत्रावर साल होतं 'इहिदे सबैन मया व अलफ', म्हणजे शुहूर सन ११७१. त्यात ५९९ मिळवून मी १७७० लिहिलं. गावकऱ्यांची तक्रार १७७० च्या पावसाळ्यानंतरची. झालं! "सरकारने तक्रारीआधीच सूट दिली" असं अख्खं प्रकरण मी रचलं. पण पत्र चैत्रातलं होतं. शुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीनंतरच्या महिन्यांना ६०० मिळवायचे. साल निघालं १७७१. म्हणजे तक्रार आधी, सूट नंतर. प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

हा नियम मी पुस्तकात वाचलेला होता, बरं का! पण स्वतःच्या हाताने चुकेपर्यंत तो डोक्यात बसला नव्हता.

म्हणून ओजेटीत एवढं करा:

१. आधी मोडीचा वर्ग लावा.
२. एकच कागद घ्या, ओळ न् ओळ देवनागरीत उतरवा. न लागलेल्या शब्दाची जागा रिकामी सोडा, अंदाजाने भरू नका.
३. तारीख स्वतः काढा, मग जंत्रीत तपासा.
४. जाणकाराकडून चुका काढून घ्या आणि त्या वहीत लिहून ठेवा.

पीएच.डी.च्या मुलाखतीत सर्टिफिकेट दाखवता येईल. पण "हे साल कसं काढलंत?" असं विचारलं, तर कामाला ती वहीच येईल.