हरणाऱ्याला वाट हवी

तीन फुटी टाकीत सहा एंजल मासे वर्षभर गुण्यागोविंदाने नांदत होते. एका सकाळी दिवा लावला, तर चार जण वरच्या कोपऱ्यात हीटरच्या मागे दाटीवाटीने उभे. दोघांच्या शेपट्यांच्या चिंध्या झालेल्या. बाकीची अख्खी टाकी उरलेल्या दोघांनी बळकावलेली. कारण फिल्टरच्या उभ्या नळीवर चिकटलं होतं: बारीक मोहरीएवढ्या पिवळसर अंड्यांच्या ओळी. नर-मादी आळीपाळीने त्यांच्यावर परांनी पाणी घालत होती, वारा घालावा तसं. चौघांपैकी कुणी वीतभर पुढे आलं की दोघांतला एक बाणासारखा सुटे.

‘मासा मारकुटा निघाला,’ असं म्हणून आपण तो दुकानात परत देऊन येतो. मला हे निदानच चुकीचं वाटतं. आदल्या दिवशीही तो तोच मासा होता. नवी होती ती त्याने आखलेली हद्द.

एंजल हा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला, सिक्लिड कुळातला. गोव्यात ताटात येणारं कालुंदरही याच कुळातलं, आणि तेही आपली अंडी-पिल्लं राखतं. सिक्लिडांचं भांडण सहसा चाव्याने सुरू होत नाही. आधी दोघं एकमेकांना कूस दाखवत आडवे उभे राहतात, पर ताठ करून अंग मोठं दाखवतात. मग शेपटीने पाण्याचा फटका समोरच्याच्या अंगावर. माशाच्या कुशीवर पाण्याची हालचाल टिपणारी एक रेषा असते, तिला तो धक्का जाणवतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीचा अंदाज येतो. तरीही निकाल लागला नाही, तरच जबड्यात जबडा. यात मारण्यापेक्षा मापणं जास्त असतं. कमी पडलेला पर मिटतो, रंग बदलतो आणि निघून जातो. नदीत थोडं अंतर गेलं की हद्द संपते, पाठलागही संपतो.

काचेच्या टाकीत नेमकं हे निघून जाणंच होत नाही. हरलेला पर मिटून उभा असतो, पण उभा असतो हद्दीतच, आणि मार खातच राहतो. मग त्याचं खाणं सुटतं, ताणाने प्रतिकारशक्ती घटते आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग गाठतो. आपण औषध पाण्यात घालतो, दुखणं मात्र जागेचं असतं.

कोन्राड लोरेंत्स यांनी १९६३ साली आक्रमकतेवर पुस्तक लिहिलं, त्याची सुरुवातच प्रवाळ माशांपासून आहे. हे मासे परक्यांपेक्षा स्वजातीयांवर जास्त तुटून पडतात, कारण अन्नाची आणि जागेची खरी चुरस त्यांच्याशीच असते. पुढे अमेरिकी संशोधक रोनाल्ड ओल्डफील्ड यांनी निकाराग्वाच्या तळ्यांतले मिडास सिक्लिड तपासले. २०११ साली त्यांनी दाखवलं की टाकी थोडीशी वाढवून फारसा फरक पडत नाही. ती खूप मोठी आणि आडोशांनी भरलेली असेल तेव्हा मारामारी कमी होते.

म्हणून माझा भर आडोशावर. नजर तुटली पाहिजे. मासा आपली हद्द दगड, ओंडका, झाड अशा खुणांवरून ओळखतो. नवा मासा सोडण्याआधी त्या खुणा हलवाव्यात आणि दिवा मालवावा, म्हणजे सगळेच नव्याने घर शोधू लागतात. एखादा फारच दांडगाई करत असेल तर त्यालाच चार दिवस दुसऱ्या टाकीत ठेवावं. परततो तेव्हा नवखा तोच असतो.

मलावी सरोवरातल्या खडकांवरच्या सिक्लिडांना मात्र मुद्दाम दाटीत ठेवतात. कुणालाच हद्द राखता येत नाही, मार वाटला जातो. पण त्याला जबर फिल्टर आणि वरचेवर पाणी बदलणं लागतं. एंजलवर हा प्रयोग करू नये. आणि दोन नर फायटर मासे घरच्या टाकीत एकत्र ठेवूच नयेत. तिथे आडोसाही कामाचा नाही.

मी टाकीच्या मधोमध ओंडका उभा केला, त्याला लागून उंच झाडांची दाट रांग लावली. नळीपाशी उभं राहिलं की पलीकडचा कोपरा दिसेनासा झाला. खाणं दोन्ही टोकांना टाकू लागलो. पाठलाग थांबला नाही, पण झाडांपाशी येऊन तो माघारी फिरू लागला. चौथ्या दिवशी चिंध्या झालेल्या शेपटीचा एक जण हीटरमागून बाहेर येऊन खाऊ लागला. पुढे काही आठवड्यांनी त्याच्या शेपटीच्या कडेला नवा पर फुटलेला दिसला, अजून रंग न चढलेला, काचेसारखा आरपार.