झालं, नाही झालं, आणि माहीत नाही

भिंतीवर सहा मोठे स्क्रीन, सगळे हिरवे. पुण्यात बाणेरला असलेल्या या पेमेंट कंपनीच्या ऑफिसात पाहुणा आला की त्याला आधी तिथेच नेऊन उभं करतात. आकडे पळत असतात, आलेख वरखाली होत असतात आणि आपण काहीतरी फार मोठं बघतोय असं बघणाऱ्याला वाटायला लागतं. मलाही वाटलं. पण माझं काम त्या भिंतीकडे पाठ करून बसलेल्या मुलीकडे होतं. मूळची सोलापूरची, तिशीच्या अलीकडची, त्या आठवड्याचा ऑन-कॉल तिच्याकडे. वर सगळं हिरवंगार असताना ती १८० रुपयांच्या एका व्यवहाराकडे टक लावून बसली होती.

अशाच एका किरकोळ रकमेमुळे मी तिथे गेले होते. आमच्या मेडिकलवाल्याकडे माझे पैसे कापले गेले, त्याचा स्पीकर मात्र गप्प. दुसऱ्या दिवशी पैसे आपसूक परत आले. मी तक्रार केली नव्हती, त्यानेही नाही. मग ते परत पाठवायचं ठरवलं कोणी?

क्यूआर स्कॅन केल्यापासून स्पीकर बोलेपर्यंत यूपीआयचा निरोप बऱ्याच हातांतून जातो: आपलं अ‍ॅप, त्या अ‍ॅपमागची बँक, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं स्विच, आपली बँक, दुकानदाराची बँक आणि मग तसाच मागे. प्रत्येक ठिकाणी वेगळी कंपनी, वेगळे सर्व्हर, वेगळी माणसं. यातलं कोणीही, कधीही गप्प होऊ शकतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये याची मुदत ठरवून दिली. पैसे कापले गेले आणि समोरच्या माणसाला पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत. दुकानदाराच्या बाबतीत पाच दिवस. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे ‘बघू, करू’ म्हणायची सोय नाही.

“बँक नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “नाही म्हणणारी बँक मला आवडते. गप्प बसणारी नाही.”

तिच्या धंद्याची सगळी मेख या गप्प बसण्यात आहे. उत्तर आलं नाही, तर त्याचे अर्थ निदान तीन. निरोप पोचलाच नाही. किंवा पोचला, पण काम करायच्या आधीच समोरचं मशीन मेलं. किंवा कामही झालं, पैसे कापले गेले, आणि ‘झालं’ असं सांगणारं उत्तर परतीच्या वाटेवर हरवलं. इकडून बघणाऱ्याला तिन्ही अगदी सारखीच दिसतात. पुन्हा विचारावं, तर तिसऱ्या प्रकारात पैसे दोनदा कापले जाण्याची भीती. म्हणून प्रत्येक मागणीला एक नंबर चिकटवतात. तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर समोरच्याने काम न करता फक्त जुनं उत्तर द्यायचं. ऐकायला सोपं आहे. आजवर झालेल्या घोटाळ्यांतले बरेचसे हा नंबर कुठेतरी मधल्या हातात बदलल्यामुळे झाले, असं तिचं म्हणणं.

तिने लॉग उघडला. ओळीमागून ओळ, प्रत्येकीच्या आधी वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. मी खालून वर वाचत गेले आणि अडखळले. बँकेचं उत्तर प्रश्नाच्या ४० मिलिसेकंद आधी आलेलं होतं.

“घड्याळं,” ती म्हणाली. “दोन मशीन, दोन घड्याळं. जुळवत राहतात, पण तंतोतंत जुळत नाहीत.”

लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७८ साली एका लेखात हीच गाठ सोडवली होती. घड्याळावर विसंबू नका, निरोपावर विसंबा. उत्तर प्रश्नाच्या आधी येऊच शकत नाही. तेव्हा कोणी कोणाला काय पाठवलं एवढ्यावरूनच क्रम लावा, आणि ज्या दोन घटनांमध्ये निरोपाचा धागाच नाही, त्यांतली आधीची कुठली हा प्रश्न सोडून द्या. आजची ट्रेसिंगची साधनंही क्रम लावतात तो घड्याळापेक्षा अशाच धाग्यावरून. गूगलने आपल्या ‘डॅपर’ या व्यवस्थेची माहिती २०१० मध्ये जाहीर केली, त्यानंतर हे तंत्र सगळीकडे पसरलं. प्रत्येक मागणीला जन्मतःच एक ओळखक्रमांक, आणि ती जिथे जिथे जाईल तिथे तो बरोबर. तिच्या स्क्रीनवर १८० रुपयांचा प्रवास आडव्या पट्ट्यांमध्ये उतरला होता. एकाखाली एक, जिन्यासारख्या. चौथी पट्टी सुरू झाली आणि संपलीच नाही. पुढे काही नाही. बँकेच्या दारापर्यंत माग लागतो, आत काय झालं ते बँक जाणे.

तिने त्या व्यवहारावर ‘पेंडिंग’चा शिक्का ठेवला आणि पुढचा उघडला. लगेच पुन्हा का विचारत नाही, असं मी म्हटलं. सगळ्यांनीच पुन्हा विचारलं तर काय होतं ते १२ एप्रिल २०२५ ला देशाने बघितलं. हनुमान जयंती, शनिवार. यूपीआय कित्येक तास अडखळत होतं. ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ अशा चौकश्यांचा बँकांकडून लोंढा आला आणि स्विच त्याखाली दबलं, असं नंतर पुढे आलं. मग एनपीसीआयने स्टेटस विचारण्यावर मर्यादा घातली, एका व्यवहारासाठी जास्तीत जास्त तीनदा, तेही मध्ये अंतर ठेवून. आता इथलं सॉफ्टवेअर दर खेपेला जास्त थांबतं, आणि थांबण्यात मुद्दाम थोडा अनियमितपणा मिसळतं, म्हणजे हजारो मशीन एकाच क्षणी दार ठोठावणार नाहीत. माणसांनाही हे कोणी शिकवलं तर बरं होईल.

मात्र त्या ऑफिसात मी पुन्हा पुन्हा जात राहिले ते या मुलीसाठी नाही. लिफ्टशेजारच्या खोलीत रात्री आठनंतर बसणाऱ्या काकांसाठी.

काका सांगलीकडच्या एका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. मुलगा पुण्यात, म्हणून पुण्यात. कोणाच्या तरी ओळखीने इथे ‘रेकॉन’ला, म्हणजे हिशेब जुळवायला, लागले. खोलीत शिरलं की एसीच्या कोंदट गारव्यात लसणाचा आणि भडंगाचा वास. स्टीलचा डबा टेबलावर कायम उघडा. येणाऱ्याने मूठभर घ्यायचं, विचारायचं नाही. त्यांच्यासमोर रोज तीन फायली येतात: स्विचची, बँकेची आणि कंपनीच्या स्वतःच्या खात्याची. प्रोग्रॅम त्या एकमेकींशी ताडून बघतो आणि जुळत नाही तेवढं बाजूला काढतो. ते बाजूला पडलेलं काका बघतात. १८० रुपयांचं काय झालं, हे शेवटी इथे कळतं.

“बँकेत रोजमेळ लागल्याशिवाय घरी जायचं नाही,” ते म्हणाले. “चार आण्याचा फरक असला तरी. मॅनेजर म्हणायचा, चार आणे मी खिशातून घालतो, जा. आमचे हेडक्लार्क घालू द्यायचे नाहीत. चार आणे कुठे गेले ते कळलं पाहिजे म्हणायचे. हे तेच आहे हो. फक्त वह्या तीन, आणि तिन्ही दुसऱ्यांच्या हातातल्या.”

मला इतक्या मोठ्या यंत्रणेचं इतकं नेमकं वर्णन वरच्या मजल्यावर कोणाकडून ऐकायला मिळालं नाही.

महिन्यापूर्वी काकांच्या यादीत एक ओळ आली. ६४० रुपयांचा एक व्यवहार, त्यापुढे परतावे दोन. दोन्ही यशस्वी. एकाच ग्राहकाला तेच पैसे दोनदा परत गेले होते आणि अर्थातच त्याने तक्रार केली नव्हती. भिंतीवरच्या स्क्रीनला यात काही वावगं दिसणं शक्यच नव्हतं. त्यांच्या हिशेबी ते दोन यशस्वी व्यवहार. हिरव्यात हिरव्याची भर. काकांनी ती ओळ छापून काढली, पेनने गोल केला आणि वर नेऊन ‘सरां’च्या टेबलावर ठेवली.

सर म्हणजे इथले आर्किटेक्ट. केस पांढरे, बोलणं कमी, आणि टेबलावर सहसा लॅपटॉप नाही. मोठे कोरे कागद असतात. कोणी नवी रचना घेऊन आलं की ते कागदावर तीन उभ्या रेषा ओढतात, त्यांच्यामध्ये निरोपांचे बाण, आणि मग पेन्सिलचं टोक कुठल्यातरी बाणावर ठेवून विचारतात, “इथे मेलं तर?” उत्तर मिळालं की टोक थोडं खाली. “आणि इथे?” पोरं या प्रश्नाला टरकून असतात.

“पस्तीस,” ते मला म्हणाले. “एवढा एक आकडा लिहून घ्या.”

अमेझॉनच्या इंजिनिअरांनी २०१५ साली एक लेख लिहिला होता. त्यांच्या ‘डायनॅमोडीबी’ या डेटाबेसची रचना त्यांनी ‘टीएलए प्लस’ नावाच्या भाषेत मांडली. ही भाषाही लॅम्पोर्टचीच. तिच्यात प्रोग्रॅम लिहायचा नसतो. यंत्रणेच्या अवस्था आणि एका अवस्थेतून दुसरीत जायचे नियम तेवढे गणितात लिहायचे. मग तपासनीस प्रोग्रॅम घडू शकणारा प्रत्येक क्रम चालून बघतो. कोण कधी मेलं, कोण कधी उठलं, कुठला निरोप मागे राहिला, सगळं. त्या तपासणीत एक चूक सापडली, जिच्यामुळे साठवलेली माहिती गमावली जाऊ शकत होती. तिथे पोचायचा सर्वांत जवळचा रस्ता ३५ पायऱ्यांचा होता. चाचण्या झाल्या होत्या, जाणत्यांनी डिझाइन वाचलं होतं, त्यातून ती निसटली होती.

३५ पायऱ्या. मी घरी जाऊन सरांच्या पद्धतीने कागदावर रेषा ओढून बघितल्या. सहाव्या बाणाला कोण जिवंत आणि कोण मेलेलं, याचा पत्ता राहिला नाही.

काकांच्या ६४० रुपयांसाठी सरांनी परताव्याची रचना टीएलए प्लसमध्ये मांडली. पानभर मजकूर. लॅपटॉप मागवला, तपासनीस सुरू केला, पंखा घरघरायला लागला. तपासलेल्या अवस्थांचा आकडा लाखांत गेला आणि मग थांबला. स्क्रीनवर वाट उमटली, नऊ पायऱ्यांची. पहिला प्रोग्रॅम परताव्याचं काम हाती घेतो आणि रेंगाळतो. त्याची मुदत संपते. दुसरा तेच काम घेतो, पैसे परत करतो. तेवढ्यात पहिला जागा होतो. मधला काळ गेला हे त्याला माहीतच नाही. तोही पैसे परत करतो.

उपाय जुना आहे. काम देताना दरवेळी चढता क्रमांक द्यायचा, आणि आपल्याकडे अधिक मोठा क्रमांक येऊन गेला असेल तर खातं लहान क्रमांकाला दारातूनच परत पाठवतं. उशिरा जागा झालेल्याचं कोणी ऐकायचं नाही.

कागदावर मांडण्याऐवजी प्रत्यक्ष मोडून बघायची दुसरी रीत आहे. त्यात नेटफ्लिक्सचा ‘केऑस मंकी’ प्रसिद्ध आहे. भरदिवसा, चालू यंत्रणेतलं मशीन मुद्दाम बंद पाडणारा. त्यांनी तो २०१२ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. इथेही महिन्यातून एकदा तसा खेळ होतो, पण चाचणीच्या सर्व्हरवर, जिथे ना खरे पैसे ना खरी गर्दी. फोटो मात्र छान येतात.

आधी मांडून तपासायची ही सरांची बाजू मला पटलेली आहे हे लपवत नाही. तरी मी त्यांना विचारलंच. नरकचतुर्दशीच्या दुपारी, २० ऑक्टोबर २०२५ ला, अमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात मोठा बिघाड झाला आणि जगभरच्या सेवा आडव्या पडल्या. मूळ नेमकं याच डायनॅमोडीबीपाशी होतं. मग त्या ३५ पायऱ्या शोधून मिळवलं काय?

सर हसले. डेटाबेस शाबूत होता, म्हणाले. गेला होता त्याचा पत्ता. त्या सेवेच्या पत्त्याच्या, म्हणजे डीएनएसच्या, नोंदी बदलणारे स्वयंचलित प्रोग्रॅम होते. त्यातला एक रेंगाळला. दरम्यान दुसऱ्याने नवा आराखडा लागू केला. मग रेंगाळलेल्याने आपला जुना आराखडा नव्यावर चढवला, आणि दुसऱ्याची साफसफाई जुने आराखडे पुसत आली, तिने तोही पुसला. नोंद रिकामी. यंत्रणेला ती आपली आपण भरता आली नाही. माणसांना हात घालावा लागला.

“ओळखीचं वाटतंय?” त्यांनी नऊ पायऱ्यांचा कागद माझ्याकडे सरकवला. “जे मांडलं, तेवढंच तपासलं जातं. जे मांडलंच नाही, ते काकांकडे येतं.”

गेल्या आठवड्यात परताव्याच्या नव्या रचनेची मीटिंग होती. मला कोपऱ्यात बसू दिलं. सोलापूरची मुलगी होती, सर होते, रिलीज गुरुवारी हवाच म्हणणारे मॅनेजर होते. काकांना बोलावलं नव्हतं. मुलगीच त्यांचा गोल केलेला कागद घेऊन आली होती. सरांनी मॉडेल पुरं करायला आठ दिवस मागितले. मॅनेजर दोन म्हणाले. सहा. तीन. ग्राहक थांबणार नाहीत, मॅनेजर म्हणाले, आणि ते काही खोटं बोलत नव्हते. पाऊण तासाने चारवर मिटलं, रिलीज सोमवारवर गेलं. त्याच मीटिंगमध्ये भिंतीवरच्या सातव्या स्क्रीनचा विषय निघाला. त्याला मंजुरी मिळायला दोन मिनिटंही लागली नाहीत.