हिंसेचा कोणता क्षण? रामटेकचा नरसिंह आणि बरोक चित्रं

मागच्या व्याख्यानात आपण बरोक चित्रांमधला उजेड आणि अंधार बघितला. आज त्याच चित्रांतल्या रक्ताकडे बघू. सुरुवात मात्र आपल्या नागपूरजवळच्या रामटेकपासून.

रामटेकच्या डोंगरावर पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन मंदिरं आहेत. नरसिंह म्हटलं की आपल्याला मांडीवर घेतलेला, पोट फाडलेला हिरण्यकशिपू आठवतो. इथे तो नाहीच! हातात चक्र घेऊन देव स्वस्थ बसलाय. वेरूळच्या १५ क्रमांकाच्या, दशावतार लेण्यात हिरण्यकशिपू ढाल-तलवारीनिशी उभा आहे. नरसिंहानं त्याला गाठलंय, पण घाव अजून पडायचाय. गोष्ट एकच, क्षण वेगवेगळे.

युरोपातही तेच. मायकेलअँजेलोचा डेव्हिड (१५०४) लढाईआधी नुसता उभा आहे. बर्निनीचा डेव्हिड (१६२३-२४) गोफण फिरवतोय. बरोक कलाकार ऐन घटनेचा क्षण पकडतात.

बायबलमधली ज्युडिथची कथा घ्या. शहराला वेढा घालणाऱ्या होलोफर्निसचं मुंडकं ही विधवा तो दारूच्या नशेत असताना कापते. आधीचे चित्रकार बहुधा मुंडकं घेऊन परतणारी ज्युडिथ रंगवत. काराव्हाज्जोनं १५९९ च्या सुमारास तलवार अर्ध्या मानेतच थांबवली. का? प्रोटेस्टंटांच्या आव्हानानंतर कॅथलिक चर्चला भाविकांना हलवून सोडणारी चित्रं हवी होती. मागे काळोख, समोर जवळजवळ खऱ्या मापाची माणसं; बघणाऱ्याला तटस्थ राहताच येत नाही.

पण काराव्हाज्जोची ज्युडिथ बघा: हात लांब, अंग मागे, जणू किळस आलीये. म्हातारी दासी बाजूला फडकं धरून उभी. आर्तेमिसिया जेंतिलेस्कीच्या चित्रात (सुमारे १६१२-१३) दासी तरुण आहे आणि सगळा भार टाकून त्याला दाबून धरते. ज्युडिथच्या बाह्या वर सरकवलेल्या. मान कापायला ताकद लागते, आणि एकटीची पुरत नाही, हे या चित्रात दिसतं.

आर्तेमिसियावर बलात्कार झाला होता. १६१२ मध्ये खटलाही चालला. म्हणून हे चित्र नुसता सूड आहे असं अनेकदा म्हटलं जातं. तो संबंध नाकारायचं कारण नाही. पण तेवढंच म्हटलं, तर तिची चित्रकारी नजरेआड होते. क्षण काराव्हाज्जोनं निवडला होता. त्या क्षणातलं काम कोण आणि कसं करतं, हे तिनं दाखवलं.