त्यागाची किंमत कोण मोजतो?

नांदेड-लातूरच्या माणसाला उपवास समजावून सांगावा लागत नाही. एकादशी आणि रोजा दोन्ही त्याच्या शेजारात पाळले जातात. या दोन जिल्ह्यांत ख्रिस्ती कुटुंबे मोजकीच आहेत, लोकसंख्येच्या एक टक्क्याहून बरीच कमी, पण त्यांचाही उपवासकाळ असतो. राख बुधवारी तो सुरू होतो आणि मधले रविवार वगळून चाळीस दिवसांनी ईस्टर येतो. कॅथलिक मंडळी शुक्रवारी मांस वर्ज्य करतात. राख बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी एकच पोटभर जेवण घेतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत नियम कमी आणि प्रार्थनासभा जास्त. बाहेरून पाहणाऱ्याला हे आणखी एक व्रत वाटते, पण ख्रिस्ती आत्मत्याग या चाळीस दिवसांत मावत नाही. येशूने शिष्यांना क्रूस उचलून मागे यायला सांगितले हे मार्क आणि मत्तयही सांगतात. हे रोज करायचे आहे, असे लूक आपल्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात नोंदवतो. जे रोज करायचे त्याची परीक्षाही रोजच्या व्यवहारात व्हायला हवी. म्हणून माणसाने किती सोसले, यापेक्षा त्याच्या सोसण्याने कुणाच्या पदरात काय पडले आणि त्याची किंमत नेमकी कुणी मोजली, हे प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात.

मराठवाड्यापुरते पाहायचे तर नारायण शेषाद्री यांच्यापासून सुरुवात करावी लागते. ब्राह्मण कुटुंबातल्या या तरुणाने १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा अल्पवयीन होता आणि तोही मिशनकडे गेला होता. वडील न्यायालयात गेले आणि मुलाचा ताबा त्यांना मिळाला. पुढे प्रायश्चित्त देऊन श्रीपतला जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबईत मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. नारायणरावांनी घरदार सोडले, ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. मला तिच्याइतकेच श्रीपतकडेही पाहावेसे वाटते. थोरल्याच्या निर्णयाचा भार त्या पोराच्या अंगावर पडला, आणि तो त्याने पूर्ण समजून उमजून उचलला होता असे कसे म्हणायचे? नारायणरावांचा खरा त्याग मी पुढच्या काळात शोधतो. ते निजामाच्या राज्यात जालन्याला आले, मुख्यतः मांग समाजात काम केले, आणि जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभी केली. घर एकदाच सुटते. जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने त्या काळात मांगांमध्ये राहायचे, तर जातीचा मोठेपणा दररोज सकाळी नव्याने सोडावा लागणार. १८९१ साली ते वारले, तोवरची वर्षे हा त्यांच्या त्यागाचा पुरावा आहे.

आत्मत्यागाच्या या शिकवणीवरच्या आक्षेपांत सगळ्यात खरा आक्षेप बायकांच्या बाजूने येतो. ज्या घरात आई सगळ्यांच्या शेवटी, उरलेसुरले खाते, तिथे तिलाच आत्मत्याग शिकवायचा? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण पगार सोडणारा एक आणि चूल पेटती ठेवणारी दुसरी, हे चित्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. पतीच्या धर्मांतरानंतर त्या कित्येक वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या, तोवर दुसऱ्याच्या त्यागाचे चटके त्यांनी भरपूर सोसले होते. नवऱ्याने सोडलेल्या गोष्टींची झळ बायकोला बसली तर तिच्या सोसण्याचे पुण्य नवऱ्याच्या नावावर जमा करता येत नाही. त्याग कुणाकडून मागायचा आणि कुणाकडून नाही, असा भेद चर्चचे नियमही करतात. कॅथलिक कायद्यात उपवासाचे बंधन अठरा वर्षांपुढच्या माणसावर आहे, साठीच्या उंबरठ्यावर ते संपते, आणि आजाऱ्याला त्यातून मोकळीक असते. ज्याच्याकडे सोडण्याजोगे काही आहे त्यानेच सोडावे, अशी ही रीत आहे. पाळकांनी आणि धर्मगुरूंनी ती घरातल्या पुरुषांना अधिक स्पष्टपणे सांगायला हवी.

दुसरा आक्षेप चर्चच्या आतूनच येतो. ख्रिस्ताने एकदाच बलिदान दिले आणि त्यात सारे आले, तर माणसाच्या रोजच्या त्यागाने आणखी काय मिळवायचे? सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेचा रोख इथेच होता आणि तो मला पटतो. उपवास करून देवाकडून काही विकत घेता येत नाही. पण त्यामुळे त्यागाची गरज संपत नाही, त्याची दिशा बदलते. देवाला काही द्यायचे उरले नसेल, तर सोडलेली भाकरी शेजाऱ्याच्या ताटात जायला मोकळी होते. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात हेच कठोरपणे सांगितले आहे: मजुरांना राबवून घेत केलेला उपवास देवाला नको, जुलमाची बंधने तोडणे आणि भुकेल्याला अन्न देणे हा त्याला हवा असलेला उपवास.

बाबासाहेब आंबेडकरांची टीका इथे टाळता येत नाही. भारतातल्या धर्मांतरितांच्या स्थितीबद्दल त्यांनी लिहिले आहे. दलित ख्रिस्ती आपल्या दुःखाचे मूळ समाजाच्या अन्यायात शोधण्याऐवजी स्वतःच्या पापात शोधायला शिकतो आणि मग लढत नाही, असा त्या टीकेचा आशय. मराठवाड्यातल्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांची मुळे मातंग आणि महार समाजात आहेत, त्यामुळे ही टीका इथे थेट लागते. ज्याच्यावर उपासमार लादली गेली त्याला संयमाचे प्रवचन देणे हा अपराध आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवले. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या यादीत जागा मिळाली, ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणजे नांदेडच्या एखाद्या मातंग मुलीने उघडपणे बाप्तिस्मा घेतला, तर अनुसूचित जातींसाठीच्या शिष्यवृत्तीवर आणि नोकरीतल्या राखीव जागेवर तिला पाणी सोडावे लागते. काहीजण याला श्रद्धेची किंमत म्हणतात. मला तसे म्हणणे मान्य नाही. राज्याने लादलेली वंचना क्रूस म्हणून गळ्यात घालून घ्यायची नसते, ती हटवण्यासाठी भांडायचे असते. आणि त्या भांडणात ज्या ख्रिस्ती माणसाला स्वतः काहीच गमवावे लागत नाही, त्याने वेळ, पैसा आणि प्रतिष्ठा खर्च करणे हा आत्मत्यागच आहे.

मग गरिबाने काही देऊच नये का? मिझोराममधल्या ख्रिस्ती बायकांनी याला कृतीने उत्तर दिले आहे. १९१० पासून तिथे प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ बाजूला काढला जातो. तो गोळा करून विकला जातो आणि त्यातून चर्चचे काम चालते. हे सुरू करणारे लोक श्रीमंत नव्हते. मूठ काढणारा हात स्वतःचा आहे, ताटातले अन्नही स्वतःचे आहे आणि दिलेले कुठे जाते हे माहीत आहे, म्हणून हा त्याग जाचत नाही. मराठवाड्यात तांदळाऐवजी ज्वारी घ्यावी, किंवा पाणी. उपवासकाळ दरवर्षी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो, नेमका विहिरी आटू लागतात तेव्हा. २०१६ साली ईस्टर २७ मार्चला होता. त्या महिन्यात लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी ज्याच्या बोअरला पाणी आहे त्याने मांस सोडले की नाही याने लातूरला फारसा फरक पडत नाही. त्याने आपला नळ गल्लीसाठी किती वेळ उघडा ठेवला, याने पडतो.